बरोबर उत्तर आणि कोसळणारा प्रोग्राम

सी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला चुकीचे उत्तर देणारा प्रोग्राम फारसा गोंधळात टाकत नाही. त्याची मती कुंठित करतो तो बरोबर उत्तर छापून मग कोसळणारा प्रोग्राम. तो दोन शब्द विचारतो, दोहोंत एकाच क्रमाने आढळणाऱ्या अक्षरांची दीर्घतम मालिका किती लांबीची आहे हे कोष्टक भरून काढतो, उत्तर पडद्यावर उमटवतो, ते उत्तर कागदावर ताडून पाहिले तरी बिनचूक ठरते; आणि त्यानंतर, सारे काम यथासांग संपल्यावर, मागून घेतलेली मेमरी परत करण्याच्या घटकेला, पॉइंटर अवैध असल्याची एक त्रोटक तक्रार करून तो गतप्राण होतो. अशा प्रसंगी 'उत्तर तर बरोबर आले ना?' असा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्या प्रश्नाच्या पाठोपाठ जो उपाय योजला जातो तो म्हणजे मेमरी परत करणाऱ्या फ्रीच्या ओळीच खोडून टाकणे. ओळी खोडल्या की तक्रार थांबते, कारण तक्रार करणारेच कोणी उरत नाही.

या उपायामागे एक विचारसरणी आहे, आणि ती केवळ विद्यार्थ्यांपुरती मर्यादित नाही. तिच्या मते प्रोग्रामचे दोन विभाग पडतात: एक बुद्धीचा आणि दुसरा कारकुनीचा. आवर्तनाचे सूत्र शोधणे, ते सिद्ध करणे, त्याला लागणाऱ्या काळाचा अंदाज बांधणे ही बुद्धीची कामे. आणि किती बाइट मागावयाचे, कोठे ठेवावयाचे, केव्हा परत करावयाचे हा सारा जमाखर्च कारकुनाचा, ज्यात चूक झाली तर ती दुरुस्त करावी, परंतु तिच्यावरून मूळ विचाराची योग्यता ठरवू नये. उत्तरपत्रिकांच्या गुणदानातही बहुधा हीच विभागणी दिसते. मला ती मान्य नाही. निदान डायनॅमिक प्रोग्रामिंगच्या बाबतीत तरी मेमरीचा आकार हा सिद्धतेचाच एक भाग असतो, आणि म्हणून तेथला कोसळ हा पुष्कळदा विचारातल्याच एका गाळलेल्या पायरीचा उशिरा झालेला बोभाटा असतो, असे माझे म्हणणे आहे.

रिचर्ड बेलमन यांनी डायनॅमिक प्रोग्रामिंगची ही पद्धती १९५० च्या दशकात अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये विकसित केली आणि १९५७ साली तिच्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्याच जातीच्या लहान प्रश्नांच्या उत्तरांवरून काढावयाचे, आणि कोणतेही लहान उत्तर दुसऱ्यांदा काढावे लागू नये म्हणून ते नोंदवून ठेवावयाचे, एवढेच तिचे सार आहे. १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी प्रथिनांच्या साखळ्या परस्परांशी ताडण्यासाठी, आणि १९७४ मध्ये वॅग्नर आणि फिशर यांनी एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यास किमान किती फेरफार करावे लागतात हे काढण्यासाठी ती योजली. आज ज्या कोष्टकावर विद्यार्थी हात बसवतो ते याच कुळातले. आता या कोष्टकात सहा अक्षरांच्या शब्दासाठी स्तंभ किती लागतात? सहा नव्हे, सात. सातवा, किंबहुना खरे पाहता पहिला, स्तंभ हा रिकाम्या शब्दाचा असतो: एकही अक्षर घेतलेले नसताना उत्तर काय, याची नोंद त्यात असते. गणिती विगमनात ज्याला आधाराची पायरी म्हणतात ती हीच, आणि तिच्यावाचून पुढचे एकही घर भरता येत नाही. ज्याने ओळीसाठी सहाच घरे मागितली आणि भरताना मात्र शून्यापासून सहापर्यंत सात घरे भरली, त्याने वरकरणी मोजणीत एकाची चूक केली. वस्तुतः त्याने आधाराची पायरी सूत्रात लिहिली, सिद्धतेत वापरली, पण तिला अस्तित्व आहे हे मनाशी मान्य केले नाही. ही चूक बोटांच्या निष्काळजीपणाची असती तर ती कधी एकाची, कधी दोहोंची, कधी पाचाची झाली असती. ती इतक्या नियमाने एकाचीच होते यातच तिचे मूळ कोठे आहे हे दिसते.

परंतु मग प्रोग्राम त्याच क्षणी का कोसळत नाही? येथे मेमरी वाटून देणाऱ्या मॅलॉकच्या अंतर्गत कारभाराकडे वळणे भाग आहे, कारण सारा घोटाळा त्या कारभाराच्या औदार्यातून निर्माण होतो. सी भाषेची जडणघडण डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये केली. त्यांनी आणि ब्रायन कर्निघन यांनी १९७८ साली लिहिलेल्या पुस्तकात मेमरी वाटून देणारा एक छोटा प्रोग्रामही दिला आहे, आणि त्याची रचना पाहिली की आजच्या मोठ्या व्यवस्थांचाही मूळ आराखडा ध्यानात येतो. मागणाऱ्याला जो तुकडा मिळतो त्याच्या लगत आधी, त्या तुकड्याचा आकार किती आहे याची नोंद लिहिलेली असते, आणि ती नोंद त्याच मेमरीत, मागणाऱ्याच्या हाताशी, उघड्यावर असते. एखाद्या गावाने जमिनीचे उतारे तलाठ्याच्या दफ्तरात न ठेवता प्रत्येक शेताच्या बांधातच पुरून ठेवावेत आणि कोणाचा नांगर हातभर पुढे गेला की शेजाऱ्याचा उताराच फाटावा, तशी ही व्यवस्था आहे. तिच्यात वेग आहे, काटकसर आहे, आणि नांगरणाऱ्याच्या सचोटीवर संपूर्ण भिस्त आहे.

लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्नू सी लायब्ररीचे उदाहरण घेऊ. ६४ बिटांच्या यंत्रावर ती लहानात लहान तुकडा वापरायोग्य २४ बाइटांचा देते, आणि त्यापुढे १६-१६ बाइटांनी वाढत जाते: ४०, ५६, ७२. एक पूर्णांक चार बाइटांचा. पाच रोमन अक्षरांच्या शब्दासाठी ज्याने चुकीने पाचच घरे, म्हणजे २० बाइट, मागितले त्याला न मागता चार बाइट अधिक मिळतात, आणि त्याचे सहावे घर त्या चार बाइटांत सुखाने सामावते. सहा अक्षरी शब्दाला मात्र २४ मागितले की बरोबर २४ च मिळतात; सातवे घर शेजारच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर जाऊन बसते. सात, आठ आणि नऊ अक्षरांना पुन्हा ४० बाइटांच्या तुकड्यात पुरेशी जागा, आणि दहाला पुन्हा अतिक्रमण. मग चौदाला, मग अठराला. म्हणजे पाचाच्या पुढे चारांपैकी तीन लांबींवर हा प्रोग्राम निर्दोष भासतो. चाचणीसाठी घेतलेला शब्द सात अक्षरी निघाला तर विद्यार्थी निर्धास्त झोपतो, आणि परीक्षकाचा शब्द दहा अक्षरी निघाला तर नशिबाला बोल लावतो.

अतिक्रमण झाले तरी उत्तर बरोबर का येते, हा यातला सर्वांत उद्बोधक भाग आहे. सातवे घर शेजारच्या ओळीच्या अंकांवर पडत नाही. ते पडते त्या ओळीच्या आधी असलेल्या आठ बाइटांच्या नोंदीवर, आणि कोष्टक भरत असताना त्या नोंदीकडे कोणीच पाहत नसल्यामुळे तेथे लिहिलेला अंक तसाच्या तसा परत वाचता येतो. गणित अबाधित राहते. बिघडतो तो फक्त वाटपाचा हिशेब. पुढे फ्री येऊन त्या नोंदीतून आकार वाचू लागते, तेव्हा तिला आकाराऐवजी आपल्या कोष्टकातला अंक सापडतो. दीर्घतम समान मालिकेच्या कोष्टकात पहिली ओळ शून्यांची असते, म्हणून दुसऱ्या ओळीच्या तुकड्याचा आकार शून्य वाचला जातो आणि २०१७ नंतरच्या अनेक आवृत्त्यांत फ्री पॉइंटर अवैध असल्याचे सांगून थांबते. तीच चूक फेरफारांची संख्या काढणाऱ्या कोष्टकात केली असता तेथे शून्याऐवजी सहा किंवा दहा असतो. या नोंदीतले शेवटचे तीन बिट खुणांसाठी राखून ठेवलेले असतात, आणि सहा, दहा, चौदा या प्रत्येक संख्येत त्यांपैकी नेमका तो बिट उठलेला असतो ज्याचा अर्थ 'हा तुकडा थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेला आहे' असा होतो. त्यामुळे तक्रार वेगळ्याच नावाने, म्यूनमॅप या भलत्याच खात्याकडून येते. एकच दोष, दोन निरनिराळ्या तक्रारी. आणि प्रत्येकीचा शब्दार्थ धरून शोध घेणारा माणूस दोन निरनिराळ्या दिशांना भटकत राहतो.

एवढ्यावरच हे थांबत नाही. शेवटच्या ओळीचे जास्तीचे घर, म्हणजे कोष्टकाचे अंतिम उत्तरच, अद्याप कोणाला न दिलेल्या शिल्लक मेमरीच्या नोंदीवर जाऊन पडते. छापण्याची प्रिंटएफ ही आज्ञा पहिल्यांदा चालते तेव्हा तीही आपल्या कामासाठी मॅलॉककडून थोडी जागा मागते. प्रोग्रामने आरंभी 'शब्द द्या' असे काही छापले असेल तर ती जागा आधीच घेतलेली असते, म्हणून उत्तर उमटते आणि कोसळ फ्रीपर्यंत लांबतो. आरंभी काहीच छापले नसेल तर उत्तर छापण्याच्या ओळीवरच सारे संपते, आणि विद्यार्थी त्या गरीब प्रिंटएफकडे संशयाने पाहू लागतो. शोधासाठी मध्येच 'येथवर आलो' अशी ओळ घातली की गुन्ह्याची जागा सरकते, ती ओळ काढली की पूर्ववत होते. शिवाय छापलेला मजकूर नव्या ओळीच्या खुणेपर्यंत साठवून ठेवला जात असल्याने, ती खूण विसरली तर प्रोग्राम त्या ओळीपुढे गेलेला असूनही मजकूर दिसत नाही. ज्या साक्षीदाराच्या केवळ उपस्थितीने घटनाक्रम बदलतो, त्याच्या जबानीवर किती विसंबावे?

फ्री खोडण्याच्या उपायाचे समर्थन करणारे एक सत्य जरूर सांगतात: प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची सारी मेमरी काढून घेतेच, तेव्हा क्षणभर चालणाऱ्या प्रोग्रामात फ्री न लिहिल्याने कोणाचे काही जात नाही. हे मला मान्य आहे; फ्री न लिहिणे हा स्वतंत्रपणे विचार करून घेतलेला निर्णय असेल तर त्यात गैर असे काही नाही. परंतु येथे फ्री हिशेब तपासण्यास आली होती आणि हिशेबात खोट सापडल्याचे तिने सांगितले. तिला घालवून दिल्याने खोट नाहीशी होत नाही. तोच कोड उद्या हजार जोड्यांवर एका फेऱ्यात चालवला की प्रत्येक जोडीची खोट पुढच्या जोडीच्या मागणीला भिडते.

दुसरी एक चूक याहून जुनी आणि अधिक मानवी आहे. दोन परिमाणांचे कोष्टक करताना आधी ओळींच्या पत्त्यांची एक यादी मागावी लागते, आणि त्या यादीतले प्रत्येक घर पॉइंटरचे असते. परंतु मनात कोष्टक पूर्णांकांचे असल्यामुळे घराचा आकार सांगणाऱ्या साइझऑफमध्ये पॉइंटरऐवजी पूर्णांकच लिहिला जातो. ज्या पीडीपी-११ यंत्रावर सी भाषा वाढली तेथे पूर्णांक आणि पॉइंटर दोन्ही दोनच बाइटांचे होते; पुढच्या ३२ बिटांच्या जमान्यात दोन्ही चार बाइटांचे झाले; त्यामुळे ही गफलत दीर्घकाळ निर्वेध चालली आणि पाठ्यपुस्तकांच्या आणि वर्गातल्या टिपणांच्या वहिवाटीने पिढीजात झाली. ६४ बिटांच्या यंत्रांवर पूर्णांक चार बाइटांचाच राहिला आणि पॉइंटर आठांचा झाला, तेव्हा यादीला लागणाऱ्या जागेच्या निम्मीच मागितली जाऊ लागली. पहिला शब्द दोन अक्षरी असेल तर अजूनही काही बिघडत नाही, कारण तीन पत्त्यांना २४ बाइट लागतात आणि १२ मागितले तरी किमान तेवढे मिळतातच. शब्द शंभर-शंभर अक्षरी घेतले तर १०१ पत्त्यांसाठी ४०४ बाइट मागितले जातात आणि ४०८ मिळतात. त्यांत ५१ पत्ते बसतात, पुढचा एक पहिल्या ओळीच्या आकाराच्या नोंदीवर आणि उरलेले सारे त्या ओळीच्या घरांतच लिहिले जातात. मग सूत्राच्या आधाराची पायरी म्हणून त्या ओळीत शून्ये भरली की उरलेले पत्ते शून्य होतात, आणि शून्यापासून मोजता ५२ व्या ओळीत पाऊल टाकताच प्रोग्राम कोसळतो. लिहिणाऱ्याला ही ५२ संख्या कोठून आली हे आकळत नाही. पण हीच संख्या त्या चुकीचा कबुलीजबाब आहे: १०१ चा जवळजवळ निम्मा भाग ओलांडताच घडणारा अपघात, अर्धीच जागा मागितल्याचे उघडउघड सांगत असतो. कोसळ कोणत्या ओळीवर झाला यापेक्षा तो कोणत्या आकड्यावर झाला हे विचारणारा मनुष्य लवकर मुक्कामाला पोहोचतो, असे मला वाटते.

मोठ्या आकारांच्या चुकांबद्दल थोडक्यात. दोन पूर्णांकांचा गुणाकार साइझऑफच्या आधी केला की तो पूर्णांकाच्याच मर्यादेत होतो, आणि ४६३४१ च्या वर्गाला ती मर्यादा अपुरी पडते. साइझऑफ आरंभी लिहिले तर पडत नाही. कोष्टक स्थानिक चल म्हणून मांडले तर २००० बाय २००० चे कोष्टक १६ एमबी होते, आणि स्थानिक चल ज्यात ठेवले जातात त्या स्टॅकची लिनक्सवर नेहमीची मर्यादा ८ एमबी असते. या चुका दणदणीत आवाज करतात, म्हणून त्या मला कमी धोक्याच्या वाटतात.

आता अशा चुका शोधणाऱ्या साधनांविषयी. ज्युलियन सीवर्ड यांचे व्हॅलग्राइंड २००२ पासून उपलब्ध आहे, आणि गूगलमधील अभियंत्यांनी २०१२ साली ॲड्रेस-सॅनिटायझर प्रसिद्ध केले, जे आता नेहमीच्या कंपायलरांत एक पर्याय लिहिला की चालू होते. पहिले प्रोग्राम १० ते ३० पट सावकाश चालवते, दुसरे त्या मानाने फारच थोडा वेळ घेते. दोन्ही अतिक्रमण घडते त्या क्षणी, त्या ओळीवर बोट ठेवतात. त्यांना पाच अक्षरी शब्दाचे औदार्यही फसवू शकत नाही, कारण २० मागितले असता ते २० च मोजतात. असे असताना ही साधने अगदी शेवटी, सारे उपाय हरल्यावर, काढण्याची जी रीत पडली आहे ती मला अनाकलनीय वाटते. ती पहिल्या दिवसापासून चालू असावीत. मात्र साधनाने '२४ बाइटांच्या तुकड्यानंतर शून्य बाइटांवर चार बाइट लिहिले' असे सांगितल्यावर काय करावयाचे हे साधन ठरवू शकत नाही. पुष्कळ जण तेथे शब्दाच्या लांबीत दहा मिळवून मोकळे होतात. प्रोग्रामिंगच्या स्पर्धांत तर एक लाखाच्या मर्यादेसाठी १००००५ घरांचा ॲरे घेणे हा शिष्टाचारच होऊन बसला आहे. घड्याळाच्या काट्याशी झुंजणाऱ्याला ती मोकळीक मी देईन, परंतु पाच घरे कशासाठी अधिक घेतली याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला आपल्या सूत्रातले किती निर्देशांक सीमेबाहेर जातात हेही ठाऊक नसते.

यावर आक्षेप येतो तो असा, की हे सारे सी भाषेचे दुखणे आहे. सुरक्षित भाषा घ्या आणि विषय संपवा. आक्षेपात तथ्य आहे. संदेश कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीतून आला आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला; दरम्यान तो सर्व्हरच्या मेमरीतले एका वेळी ६४ केबीपर्यंत परक्याच्या हाती देत होता आणि कोठेही कोसळत नव्हता. ज्या भाषेत हद्द ओलांडणे हे असे मुकाट्याने घडू शकते, तिच्यात नवे महत्त्वाचे काम आरंभण्यापूर्वी दहादा विचार करावा, याविषयी माझे दुमत नाही. जावासारखी भाषा त्याच ओळीवर अपवाद फेकून काम थांबवते. परंतु पायथॉनमध्ये ज्याने आधाराची पायरी गाळली, त्याचा 'मागची ओळ' असा निर्देश पहिल्या ओळीवर उणे एक होतो, आणि उणे एकचा अर्थ त्या भाषेत 'शेवटची ओळ' असा आहे. तेथे कोणतीही हद्द ओलांडली जात नाही, कोणतीही तक्रार होत नाही. कोष्टकाचे शेवटचे टोक पहिल्याला जोडले जाते आणि उत्तर कधी बरोबर, कधी चूक येते. सी भाषेत या उणिवेमुळे निदान केव्हातरी कोसळ तरी होतो. भाषा बदलल्याने हद्दीचे रक्षण होते. आधाराची पायरी मात्र लिहिणाऱ्यालाच घालावी लागते.

आणि हद्द कशाची मोजावयाची, हा प्रश्न तर मराठी लिहिणाऱ्याला इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा आधीच भेटतो. मराठी शुद्धलेखन तपासण्यासाठी वॅग्नर आणि फिशर यांचेच कोष्टक कोणी सी भाषेत लिहिले आणि 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली, तर वाचणारा तीन अक्षरे सांगतो, युनिकोड स्वरचिन्हे वेगळी धरून पाच संकेत मोजतो, आणि स्ट्रलेन ही आज्ञा यूटीएफ-८ मधील पंधरा बाइट मोजते. पाच धरून घरे मागितली आणि पंधरापर्यंत भरली तर कोसळ ठरलेला. पंधरा अधिक एक घरे मागितली तर व्हॅलग्राइंड एकही चूक दाखवत नाही, फ्री निमूटपणे सारी मेमरी परत घेते, आणि 'मराठी' व 'मराठि' यांच्यातले अंतर प्रोग्राम दोन असे छापतो. कारण दीर्घ आणि ऱ्हस्व वेलांटीच्या तीन-तीन बाइटांपैकी शेवटचे दोन भिन्न आहेत. वेलांटी एकच चुकली आहे हे त्याला सांगावयाचे असेल तर कोष्टक बाइटांवर न बांधता संकेतांवर बांधावे लागेल, आणि 'क्ष' हे एक अक्षर मानावयाचे की क, हलन्त आणि ष असे तीन संकेत, याचाही निकाल मॅलॉकला पहिली मागणी करण्यापूर्वी लावावा लागेल.